माझं वावर, तुझी वाट

माणसाने आयुष्यात एकदा तरी आपल्या नावाचा सातबारा शांतपणे वाचावा. अहंकार उतरवण्यासाठी आपल्याकडे गीतेपासून दासबोधापर्यंत पुष्कळ ग्रंथ आहेत. पण एका पानात माणसाला त्याची जागा, तीही हेक्टर-आरमध्ये, दाखवून देणारा ग्रंथ हा एकच. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन कागद एकत्र आले म्हणून तो सातबारा. सात सांगतो, जमीन कोणाची. बारा सांगतो, तीत पेरलं काय. वर्षभर त्या मातीत राबणाऱ्या सालदारासाठी आणि वेचणीला आलेल्या बायांसाठी मात्र सातातही रकाना नाही आणि बारातही नाही.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा तालुक्यात. नाव सांगत नाही, कारण सांगितलं तरी तुम्हांला सापडणार नाही. एसटीचा नवा कंडक्टरसुद्धा आमच्या गावाचं तिकीट फाडताना आधी जुन्या प्रवाशांकडे बघतो. घरं शंभराच्या आत, देऊळ मारुतीचं, झाड लिंबाचं, चर्चा कापसाच्या भावाची. आजोबांनी मागे दहा एकर शेत ठेवलं. आज सातबाऱ्यावर तेरा नावं आहेत. त्यांत तीन आत्याही आहेत. "हक्कसोड लिहून द्या, आम्ही साडीचोळी करतो," असा निरोप मागे त्यांना गेला होता. मधली आत्या म्हणाली, "साडी माझी मी घेईन. तुम्ही माझा हिस्सा मोजून ठेवा." तेव्हापासून कुटुंबात स्त्रियांच्या हक्कांविषयी आदराने बोलतात, निदान ती घरात असताना.

तर हिशेबाने माझ्या वाट्याला साधारण तीस गुंठे येतात. तीस गुंठ्यांत बैल वळवायचा म्हणजे शिंगं माझ्या हिश्शात आणि शेपूट चुलतभावाच्या. तरीही मी जमीनदार आहे. शहरातल्या आमच्या सोसायटीत, जिथे गाडी लावायला सहा फूट जागा मिळवताना माणसं दहा वर्षांची मैत्री तोडतात, तिथे मी "गावाकडे आमची शेती आहे" हे वाक्य फार सहज उच्चारतो. समोरचा किती एकर हे विचारायच्या आत विषय बदलायचा, एवढीच काळजी घेतो.

आमच्याकडे शेताला वावर म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला हा शब्द वेगळ्या अर्थाने ठाऊक असतो. "सभेत मान्यवरांचा वावर होता" वगैरे. तिकडे वावर म्हणजे हिंडणं-फिरणं, असणं. वऱ्हाडात वावर म्हणजे थेट जमीन. शब्दकोशवाले या दोन वावरांचं काय नातं लावतात ते त्यांचं ते जाणोत. मला मात्र हा एकच शब्द तत्त्वज्ञानाच्या दोन खंडांइतका वाटतो. एका अर्थाने वावर तुमच्या नावावर असतं. दुसऱ्या अर्थाने, तिथे तुमचा वावर असावा लागतो. माझं पहिलं वावर आहे, दुसरं नाही. आमच्या सालदाराचं दुसरं आहे, पहिलं नाही. दर पाडव्याला त्याचं साल नव्याने ठरतं. त्या तीस गुंठ्यांत पाणी कुठे साचतं, हरळी कुठून घुसते, कोणत्या कोपऱ्यात तूर जोमाने येते, हे त्याला अंधारात सांगता येतं. मला उजेडात नकाशा लागतो.

हा सगळा वेदान्त मला सुचायचं कारण मात्र अगदी व्यवहारी आहे. कारण आहे वाट.

शहरातल्या माणसाला वाटतं, शेत घेतलं की शेत झालं. पण शेत काही रस्त्याच्या कडेला पानपट्टीसारखं उभं नसतं. गावातून निघालं की पांदण लागते. पांदण म्हणजे वावरांमधून जाणारा सरकारी रस्ता. उन्हाळ्यात तिच्यात धूळ घोट्यापर्यंत असते. पावसाळ्यात आमची काळी माती बंडीचं चाक आसापर्यंत गिळते आणि चपलेचा तर पत्ताच लागू देत नाही. पांदण संपली की पुढे धुरे. धुरा म्हणजे दोन वावरांमधला बांध. आमच्या वावरात पोहोचायला चार शेतकऱ्यांचे धुरे ओलांडावे लागतात आणि आमच्या धुऱ्यावरून पुढे आणखी एकाची बंडी जाते. त्याचं चार एकर वावर आमच्या पलीकडे, नाल्याच्या कोपऱ्यात अडकलेलं आहे. बी, खत, फवाऱ्याचा पंप आत जायचा आणि कापूस बाहेर यायचा, तो आमच्या धुऱ्यावरूनच. हे आजोबांच्या आधीपासून चाललेलं. त्याचा कागद नाही, करार नाही. पोळ्याला तो आमच्याकडे येतो आणि आम्ही त्याच्याकडे जातो, एवढीच काय ती नोंदणी.

अशात माझ्या एका चुलतभावाने गिऱ्हाईक आणलं. गिऱ्हाइकाला दहा एकर एकगठ्ठा हवं होतं. भाव चांगला होता, अट एकच. चहूबाजूंनी तारेचं कुंपण घालणार, धुऱ्यावरची ये-जा बंद करून द्यायची. तेरा सह्या हव्या होत्या. चुलतभाऊ फोनवर म्हणाला, "अरे, नकाशात गाडीवाट तुटक रेषेने दाखवतात. आपल्या धुऱ्यावर रेष आहे का? नाही. मग वाट नाही." त्याचं तर्कशास्त्र बिनतोड होतं. या तर्काने मीही माझ्या घरात नाही, कारण सोसायटीच्या नकाशात मी कुठे दाखवलेलो नाही.

सही करण्यापूर्वी एकदा वावर बघून यावं म्हणून मी गावी गेलो. धुऱ्यावर सालदार भेटला. तो ऐकून होता. म्हणाला, "भाऊ, वावर तुमचंच हाये, थे कोन नाही म्हनते? पन आता इथं आले थे कोनाच्या धुऱ्यावरून आले जी?"

मी म्हटलं, "चौघांच्या."

"त्या चौघाईनं तार लावली त तुम्ही काय इमानातून उतरसान?"

मी नीतिशास्त्रावरची थोडीफार पुस्तकं वाचली आहेत. मालकीचा हक्क कुठून उत्पन्न होतो, श्रमातून की करारातून, यावर मोठमोठ्या विद्वानांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. पण मालक आपल्या मालमत्तेपर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न त्यांतल्या कोणी इतक्या सरळ विचारल्याचं मला आठवत नाही. बहुधा त्यांची घरं रस्त्याला लागून असावीत.

गंमत म्हणजे, ज्या कायद्याला आपण कोरडा म्हणतो त्याला हे ठाऊक आहे. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतलं १४३ वं कलम याचसाठी आहे. ज्याला वावरात जायला वाट नाही त्याने तहसीलदाराकडे अर्ज करावा; तहसीलदाराने चौकशी करून दुसऱ्यांच्या हद्दीवरून वाट द्यावी. आणि चालू वाट कोणी अडवली तर ती मोकळी करून द्यायला १९०६ सालचा मामलेदार न्यायालयांचा कायदा आहे. म्हणजे इंग्रज सरकार, जे एकेका रुपयाच्या साऱ्यासाठी जीव टाकत असे, त्यालाही एवढं कळलेलं होतं की नुसती मालकी देऊन भागत नाही, वाटही द्यावी लागते.

मालकी आणि वाट यांची आमच्या भागात एक मोठी गोष्टच होऊन गेली. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरला एक छोटी रेल्वे जायची. अंतर ११३ किलोमीटर. दोन रुळांमधलं अंतर मात्र अवघं अडीच फूट. लोक तिला शकुंतला म्हणत. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या इंग्रज कंपनीने ती कापसासाठी बांधून घेतली. आमचा कापूस मुंबईच्या वाटेने विलायतेकडे जायचा आणि विलायतेहून आमच्याकडे इंजिन यायचं. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेलं वाफेचं इंजिन तिने १९९४ सालापर्यंत वापरलं. आमच्याकडे वस्तू टाकून द्यायची पद्धत नाही. स्वातंत्र्यानंतर देशातल्या जवळजवळ सगळ्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही मात्र कागदोपत्री कंपनीचीच राहिली. गाडी चालवायची मध्य रेल्वेने, रूळ कंपनीचे आणि शिव्या स्टेशनमास्तरला, अशी त्रिस्थळी व्यवस्था होती.

लहानपणी आईबरोबर दारव्ह्याहून कारंज्याला आजोळी जाताना मी तिच्यात बसलो आहे. डब्यातल्या एकाही माणसाला तिचा मालक कोण हे ठाऊक नव्हतं, आणि प्रत्येक जण "आपली गाडी" म्हणत होता. यवतमाळकडची ही शकुंतला आता धावत नाही. २०२४ साली वर्ध्याहून कळंबपर्यंत मोठ्या रुळांची गाडी सुरू झाली. यवतमाळलाही ती यायची आहे, आली की आनंदच आहे. पण शकुंतला थांबली तेव्हा ज्यांच्याकडे कागद होता त्यांच्यापैकी कोणी हळहळल्याचं मी ऐकलं नाही. ज्यांच्याकडे फक्त तिकीट होतं ते मात्र अजून हळहळतात. मग गाडी कोणाची होती?

तुम्ही म्हणाल, मालकीच नको असं तुमचं म्हणणं दिसतंय. नाही हो. तेवढं धैर्य मध्यमवर्गीय माणसात नसतं. ते असलेली माणसं वेगळी. शेजारच्या वर्धा जिल्ह्यातल्या पवनारला राहणारे विनोबा पायी निघाले आणि १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणात पोचमपल्लीला त्यांना पहिलं शंभर एकरांचं दान मिळालं. स्वतःच्या नावावर गुंठाही नसलेला हा माणूस पुढे देशभर चालत राहिला. नंतर महाराष्ट्रात १९६४ साली ग्रामदानाचा कायदा झाला आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने २०१३ साली आपली सगळी जमीन ग्रामसभेच्या नावे करायचं ठरवलं. आमच्या गावात असा ठराव मांडला, तर मांडणाऱ्याला परतीच्या एसटीत बसवून द्यायला मात्र सगळं गाव एकमताने येईल.

शिवाय सगळ्यांचं म्हटलं की काय होतं, ते पांदणीकडे बघून कळतं. पांदण सगळ्यांची. म्हणून दोन्ही बाजूंचा प्रत्येक जण दर साली वखराचं एक तास तिच्यात सरकवतो. दोन बंड्या शेजारून जातील एवढी आमची पांदण आता एक बंडी आणि एक शिवी जाईल एवढीच उरली आहे. स्वतःच्या वावरातलं तण माणूस वाकून उपटतो, पांदणीतलं ओलांडून जातो. 'माझं' म्हटल्याशिवाय माया लागत नाही, हे खरंच आहे.

पण 'माझं' म्हटल्याने माणूस तरतोच, असंही नाही. इथे थोडा वेळ हसणं बाजूला ठेवावं लागतं. १९ मार्च १९८६ रोजी आमच्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायकामुलांसह जीवन संपवलं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव होतं, घामही त्यांचाच होता. तेव्हापासून कोरडवाहू कापसाच्या या जिल्ह्याचं नाव वर्तमानपत्रात कशासाठी येत आलं, ते तुम्हांला ठाऊक आहे. सातबाऱ्यावर मालकाच्या नावाशेजारी 'इतर अधिकार' म्हणून एक रकाना असतो. सोसायटीचं, बँकेचं कर्ज तिथे चढतं. त्याला बोजा म्हणतात. सरकारी भाषेत इतका खरा शब्द दुसरा नाही. म्हणून तर मोर्चात घोषणा असते, सातबारा कोरा करा.

तो कोरा व्हायलाच हवा. पण बँकेचा बोजा उतरला तरी सातबारा अगदी कोरा होईल, असं मला वाटत नाही. ज्या चौघांच्या धुऱ्यावरून मी माझ्या वावरात जातो, त्यांचं देणं माझ्यावर आहे. ते त्यांना परत करता येत नाही, कारण त्यांना माझ्या धुऱ्यावरून कुठे जायचंच नसतं. ते फेडायचं असतं पलीकडच्या पाचव्याला. त्या पाचव्याने कोणाचं फेडायचं, ते नाल्यापलीकडचा सहावा सांगेल. कर्ज फिटलं की बँक दाखला देते. या देण्याला दाखला नाही, मुदत नाही, आणि माफीही नाही. माझ्या समजुतीप्रमाणे मालकी म्हणजे हेच: जमीन माझी, म्हणून वाट देण्याची पाळीही माझी.

मी सही केली नाही. 'धुऱ्यावरची वहिवाटीची वाट कायम राहील' एवढी ओळ व्यवहारात घाला, मग सही पाठवतो, असं कळवलं. गिऱ्हाईक विचार करतो आहे. मधल्या आत्यानेही सही थांबवली, तिची कारणं तिला ठाऊक. चुलतभाऊ रागावला आहे. रोज सकाळी मोबाइलवर फुलाच्या चित्रासकट सुविचार पाठवायचा, तेही त्याने बंद केलं. एवढ्या व्यवहारात आजवर मला झालेला निव्वळ नफा तो हाच.

पलीकडच्या शेतकऱ्याला यातलं काही कोणी सांगितलेलं नाही. परवा त्याची बंडी सरकीची पोती घेऊन आमच्या धुऱ्यावरून गेली, असं सालदार फोनवर सांगत होता. वर म्हणाला, "चाकोरी जरा खोल झाली जी, मुरूम टाका लागते." मी म्हटलं, टाका. खर्च तेरा जणांत वाटून घेऊ. आता त्यासाठी बारा सह्या गोळा करायच्या आहेत.