पोवळ्याचा रंग आणि अहिंसेचे अतिचार

एखाद्या जीवाला मारले नाही, त्याच्यासाठी पाण्यातील क्षार, उष्णता आणि उजेड रात्रंदिवस सांभाळला, पण हे सारे त्याचा रंग डोळ्यांना सुखावतो एवढ्याच कारणासाठी केले, तर त्या सांभाळाला दया म्हणावे की हिंसेचेच एक सौम्य रूप, हा प्रश्न घरगुती मत्स्यालयात ठेवल्या जाणाऱ्या जिवंत प्रवाळांच्या बाबतीत विशेष टोकदार होतो. पिंजऱ्यातील पोपटाची तडफड दिसते आणि टाकीतील मासा काचेवर आपटतो, परंतु प्रवाळ मुळातच एका जागी चिकटून जगणारा, आवाज नसलेला आणि दगडासारखा दिसणारा जीव असल्यामुळे त्याच्या सुखदुःखाचा अंदाज घेण्यास पाहणाऱ्याजवळ रंगाखेरीज दुसरे साधन उरत नाही. तो रंग आणि प्रवाळाचे आरोग्य या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत, आणि नैतिक अडचणीचे मूळ नेमके तेथे आहे.

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वाशिम जिल्ह्यात या प्रश्नाचा विचार करण्याची सामग्री आढळावी, हे वरवर चमत्कारिक वाटेल. परंतु जिल्ह्यातील कारंजा (लाड) या गावी सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही दिगंबर परंपरांची मंदिरे आहेत, आणि तेथील भट्टारकांनी, म्हणजे दिगंबर पीठाधिपतींनी, जपलेल्या हस्तलिखितांच्या भांडारांमुळे विसाव्या शतकात कारंजा जैन ग्रंथमाला उभी राहिली. या मालेत 1931 मध्ये डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादिलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ आणि 1932 मध्ये डॉ. हीरालाल जैन यांनी संपादिलेला ‘सावयधम्मदोहा’ हे अपभ्रंश ग्रंथ प्रसिद्ध झाले. पहिला ग्रंथ हिंसेच्या भावनेविषयी आहे आणि दुसरा श्रावकाच्या, म्हणजे गृहस्थ जैनाच्या, आचाराविषयी. प्रस्तुत प्रश्नाला या दोन्ही बाजू आहेत.

‘जसहरचरिउ’ ही दहाव्या शतकातील कृती यशोधर राजाची प्रसिद्ध कथा सांगते. दुःस्वप्नाचे निवारण व्हावे म्हणून आई पशुबळीचा आग्रह धरते, राजा जीवहत्येला कचरतो आणि तडजोड म्हणून पिठाचा कोंबडा करून तो देवीला अर्पण केला जातो. या कृत्याचे फळ म्हणून मायलेकांना मोर, कुत्रा, मासा, बोकड, कोंबडा अशा योनींत जन्म घेऊन पुन्हा पुन्हा मरावे लागते. पिठात जीव नव्हता, तरी मारण्याचा संकल्प खरा होता. जैन विचारात द्रव्यहिंसा म्हणजे प्रत्यक्ष प्राणघात आणि भावहिंसा म्हणजे मनातील कलुषित वृत्ती असा जो भेद केला जातो, त्यातील दुसऱ्या अंगाचे हे अत्यंत कठोर उदाहरण होय. प्रवाळाच्या टाकीत हीच मांडणी उलटी होते. यशोधराने निर्जीवाला जीव मानून त्याचा वध केला, तर हौशी माणूस जिवंत वस्तूला अलंकार मानून तिचे पालन करतो. निर्जीवाच्या बाबतीत भाव दोषी ठरत असेल, तर सजीवाच्या बाबतीत तो तपासलाच पाहिजे.

प्रथम प्रवाळ म्हणजे काय, हे ठरवावे लागते. उत्तराध्ययनसूत्र आणि दिगंबरांचा मूलाचार या दोन्ही ग्रंथांत पृथ्वीकायिक जीवांच्या, म्हणजे माती, दगड, धातू, रत्ने हेच ज्यांचे शरीर आहे अशा एकेंद्रिय जीवांच्या यादीत हरताळ, हिंगूळ, मनशीळ यांच्याबरोबर प्रवाळही आहे. शंख मात्र स्पर्श आणि रस ही दोन इंद्रिये असलेल्या द्वींद्रिय जीवांत गणला जातो. आधुनिक जीवशास्त्र प्रवाळाला प्राणी मानते, म्हणून प्राचीनांनी दगड आणि प्राणी यांची गल्लत केली असे म्हणणे सोपे आहे, परंतु ते अर्धवट आहे, कारण जैन दृष्टीने खाणीतील दगडही सचित्त म्हणजे सजीव असतो आणि तोडल्या-तापवल्यानंतरच तो अचित्त होतो. पूर्वसूरींपुढे जे प्रवाळ होते ते बहुधा भूमध्य समुद्रातून येणारे, सराफाच्या दुकानात पोवळे म्हणून विकले जाणारे लाल प्रवाळ होते, आणि त्याचा रंग सांगाड्यातच मुरलेला असल्यामुळे जीव गेल्यावरही तो टिकतो. मंगळासाठी अंगठीत बसवलेले पोवळे पाहून त्याला रत्नांच्या पंक्तीत बसवणे स्वाभाविकच होते.

मत्स्यालयातील प्रवाळाची गोष्ट याच्या उलट आहे. त्याचा चुनखडीचा सांगाडा पांढरा असतो आणि सारा रंग त्यावर पसरलेल्या पातळ जिवंत ऊतीत असतो. ही ऊती शेकडो-हजारो पॉलिपांची, म्हणजे मध्ये तोंड आणि भोवती स्पर्शकांचे कडे असलेल्या सूक्ष्म जीवांची, एकमेकांशी जोडलेली वसाहत होय. एका पॉलिपाने पकडलेले अन्न शेजाऱ्यापर्यंत पोचते. अन्नाचा स्पर्श आणि त्याची रासायनिक चव ओळखून तोंड उघडणारा हा जीव शास्त्राच्याच कसोटीने शंखाच्या शेजारी बसतो. तो हलत नाही, ही हरकतही टिकत नाही, कारण आचार्य पूज्यपादांनी ‘सर्वार्थसिद्धी’ या तत्त्वार्थसूत्रावरील टीकेत त्रस, म्हणजे दोन किंवा अधिक इंद्रिये असलेल्या, जीवाचे लक्षण चालणे हे नव्हे असे स्पष्ट केले आहे; शिवाय चालणे हेच लक्षण मानले तर गर्भातला, अंड्यातला किंवा मूर्च्छित जीव त्रस ठरणार नाही. या वर्गीकरणाचे व्यावहारिक फळ मोठे आहे. गृहस्थाचे अहिंसा-अणुव्रत त्रस जीवांची संकल्पपूर्वक हिंसा सर्वथा वर्ज्य मानते, स्थावरांच्या, म्हणजे एकेंद्रियांच्या, बाबतीत मात्र निष्प्रयोजन हिंसा टाळण्यास सांगते. प्रवाळ पृथ्वीकायातून द्वींद्रियांत गेले की श्रावकाची जबाबदारी एका पायरीने वाढते.

आता प्रवाळ निरोगी आणि रंगीत ठेवणे म्हणजे प्रत्यक्षात काय करणे, ते पाहिले पाहिजे. त्याच्या ऊतीत एकपेशीय शैवाल राहते, ज्याला झूझँथेली म्हणतात. हे शैवाल प्रकाशापासून साखर तयार करून यजमानाला पोसते आणि त्याचा स्वतःचा रंग सोनेरी-तपकिरी असतो. जांभळा, निळा, गुलाबी, हिरवा हे रंग मुख्यतः प्रवाळ स्वतः तयार करत असलेल्या प्रथिनांचे असतात आणि त्यांपैकी कित्येक प्रखर उजेडापासून शैवालाचा बचाव करतात. पाण्यात नायट्रेट आणि फॉस्फेट वाढले की शैवाल दाट होऊन प्रवाळ तपकिरी दिसते. ती द्रव्ये फार कमी केली की शैवाल विरळ होते आणि फिक्या, काचेसारख्या रंगछटा उमटतात. उष्णता वाढून शैवाल निघूनच गेले तर सांगाडा पारदर्शक ऊतीतून पांढरा दिसू लागतो, आणि काही जाती अशा वेळी संरक्षक प्रथिने वाढवून एरवीपेक्षाही झगझगीत होतात. प्रवाळाचा सर्वांत नेत्रदीपक क्षण कधी कधी त्याच्या संकटाचा क्षण असतो.

बाजारातील प्रवाळे साधारणतः तीन वाटांनी येतात. काही थेट खडकावरून तोडलेली वन्य असतात. काही इंडोनेशिया, फिजी यांसारख्या ठिकाणी वन्य वसाहतीचे तुकडे सिमेंटच्या बैठकीवर लावून उथळ समुद्रात वाढवलेली, म्हणजे सागरी शेतीतील असतात. उरलेली टाकीतच पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली असतात. वन्य आणि सागरी शेतीतील प्रवाळ नव्या घरी आले की बहुधा काही आठवडे-महिने तपकिरी पडते, कारण उघड्या सूर्याऐवजी दिव्यांचा उजेड आणि समुद्राऐवजी बंदिस्त पाणी यांच्याशी त्याला जुळवून घ्यावे लागते. खोल पाण्यातून आलेल्या प्रवाळाला एकदम प्रखर निळ्या दिव्याखाली ठेवले तर ते भाजते, म्हणून त्याला आधी तळाशी ठेवून हळूहळू वर आणतात. तापमान 24 ते 27 अंश सेल्सिअस, क्षारता दर किलोग्रॅम पाण्यास सुमारे 35 ग्रॅम, कॅल्शियम दर लिटरला 400 ते 450 मिलिग्रॅम आणि या साऱ्यात दिवसागणिक कमीत कमी चढउतार, असा हा संसार आहे. बोअरच्या जड पाण्यातून क्षार गाळून पुन्हा समुद्री क्षार मिसळायचे आणि वैशाखात पारा चाळिशीपार जात असता चिलर अखंड चालवायचा, हे वाशिमसारख्या ठिकाणी करायचे म्हटले तर वीज काही तास गेली तरी संपूर्ण वसाहत धोक्यात येते. ज्या जीवाचे अस्तित्व एका तारेवर टांगून ठेवले आहे, त्याच्या बाबतीत प्रमाद, म्हणजे बेसावधपणा, हा केवळ हलगर्जीपणा राहत नाही, कारण तत्त्वार्थसूत्राने हिंसेची व्याख्याच प्रमादयुक्त प्रवृत्तीच्या आधारे केली आहे.

त्याच सूत्रग्रंथाच्या सातव्या अध्यायात अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत पूर्ण न मोडता त्याला डागाळणारे दोष, दिले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. ते गुरे बाळगणाऱ्या समाजासाठी सांगितले असले तरी प्रवाळाला ते आश्चर्यकारक रीतीने लागू पडतात. बंधाचा विचार करताना असे दिसते की एका जागी रुजलेल्या वसाहतीला काचेची भिंत फारशी अडवत नाही, परंतु समुद्रात ठरावीक रात्री बीजांडे सोडून पोहणाऱ्या अळ्या दूरवर पाठवणाऱ्या जातीची पुढची पिढी पंपात आणि गाळणीत संपते; बंधन येथे आईबापांपेक्षा संततीवर पडते. छेद तर या छंदाचा पायाच आहे, कारण करवतीने किंवा हाडकापीने फांदी तोडून नवी वसाहत लावली जाते. वादळात मोडलेल्या फांद्याही निसर्गात रुजतात, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येते. वध म्हणजे येथे मुळात मारहाण, प्राणघात नव्हे; टाकीत मात्र प्राणघातच होतो आणि तो प्रवाळापेक्षा त्याच्या आश्रितांच्या वाट्याला येतो: वन्य वसाहतीच्या फांद्यांत राहणारे चिमुकले खेकडे, चपटे कृमी आणि गोगलगायी टाकीत जाऊ नयेत म्हणून आलेले प्रवाळ आयोडीनसारख्या द्रावणात बुडवतात, आणि तळाशी त्यांची मेलेली शरीरे साचतात. अतिभार म्हणजे रंग खुलावा म्हणून सोसवेल त्यापलीकडे दिलेला उजेड. पाचवा अतिचार सर्वांत बोलका आहे, कारण फिक्या रंगांसाठी पोषक द्रव्ये जवळजवळ शून्यावर आणणे हा सरळ अन्नपाननिरोध होय. फॉस्फेटच्या अभावाने प्रवाळाची ताण सहन करण्याची शक्ती घटते, तरी ते सुंदर दिसत राहते.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की जीवाला कुंपणात ठेवणे जैन परंपरेला स्वतःला मान्य आहे, कारण पांजरपोळात जखमी आणि म्हातारी जनावरे आमरण सांभाळली जातात. तेथे बंधन आहे, परंतु त्याचे प्रयोजन त्या जनावराचे जगणे हे आहे; देखणेपणा किंवा उपयोग संपल्यावरच त्याला तेथे जागा मिळते. दुसरा आक्षेप संवर्धनाचा आहे: तापणाऱ्या समुद्रात खडक मरत असताना टाक्यांतील प्रवाळे हे जिवंत बियाणे नव्हे काय? छंदातून मिळालेले तुकडे लावण्याचे ज्ञान शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडले आहे, हे खरे. मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी 2020 मध्ये वरळी आणि हाजी अली येथील प्रवाळे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली उचलून दुसरीकडे लावण्यात आली. तेथेही छेद आणि स्थलांतर होते. परंतु त्याचे प्रयोजन त्या प्रवाळांचा रंग हे नव्हते, ती जगावीत हे होते.

भारतापुरता कायद्याने या प्रश्नाचा मोठा भाग निकालात काढला आहे. खडक बांधणारी सर्व प्रवाळे 2001 पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत असून त्यांचे संकलन व व्यापार हा गुन्हा आहे. जेथे असा व्यापार परवान्याने चालतो, अशा देशांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे मात्र प्रश्न मोकळाच राहतो. त्यांना शास्त्र सरसकट निषेधापेक्षा सूक्ष्म काहीतरी सांगते. श्रावकाची हिंसा संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी अशी चार प्रकारची मानली जाते. त्यांपैकी स्वयंपाक-पाण्यात, उपजीविकेत किंवा संरक्षणात घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्णपणे टाळता येत नाही, परंतु दिवाणखान्यातील शोभा या तिन्हींत बसत नाही. ती अनर्थदंडात, म्हणजे निष्प्रयोजन पीडेत, मोडते, आणि समुद्रातून नव्याने तोडलेले प्रवाळ विकत घेणे या कसोटीला उतरत नाही.

जे आधीच टाकीत आहे त्याचे काय, याचे उत्तर पालकाच्या भावात शोधावे लागते, आणि सुदैवाने तो भाव तपासण्याची सोय प्रवाळाच्या शरीरधर्मातच आहे. भरपूर अन्न मिळालेले, जोमाने वाढणारे प्रवाळ पुष्कळदा तपकिरी असते. समुद्रातील बहुसंख्य निरोगी वसाहतीही तशाच असतात. असे तपकिरी पण धडधाकट प्रवाळ जो पालक समाधानाने सांभाळतो, त्याचे नाते जीवाशी आहे, आणि त्याचे बंधन पांजरपोळाच्या जवळ जाते. तेच प्रवाळ पुन्हा गुलाबी व्हावे म्हणून जो पाण्यातील अन्न काढून घेतो, तो त्याला जिवंत ठेवूनही पोवळ्याच्या अंगठीप्रमाणे वापरतो. आणि अंगठीतले पोवळे निदान कधीच मेलेले असते.