हसलेला दे

पोंभुर्ण्याला सुट्टीवर गेलो की शेजारपाजारचे लोक हमखास म्हणतात, "बापू, एक फोटो काढ ना." मी पुण्यात कोड लिहितो, पण गावात माझी ओळख 'चांगल्या मोबाइलवाला' एवढीच.

मागच्या रोवणीत शेजारच्या काकूंचे दोन फोटो काढले. पहिल्यात त्या बांधीतल्या बायकांच्या थट्टेवर खदखदून हसताहेत. दुसऱ्यात चेहरा एकदम आत गेलाय. त्यांचे यजमान काही वर्षांपूर्वी मोहफुलं वेचायला जंगलात गेले होते, तिथे वाघाने त्यांना मारलं. तो विषय मी काढला. फोटोसाठी, मुद्दाम.

दोन्ही फोटो शेजारी-शेजारी पोस्ट केले. भरपूर लाइक आले. 'किती खंबीर बाई!' असं बऱ्याच जणांनी लिहिलं.

हा खंबीरपणा आला कुठून? साधारण शंभर वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव कुलेशोव यांनी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, कधी शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना त्यात कधी भूक दिसली, कधी शोक. माझ्याकडेही तेच झालं. काकू धीराने वगैरे हसत नव्हत्या. थट्टाच भारी होती. शेजारी दुःख ठेवून त्या हसण्याचा अर्थ मी बदलला.

नंतर काकूंना दोन्ही फोटो दाखवले. त्या म्हणाल्या, "हासलेला दे. रडनं घरातलं हाये, भिंतीवर कायले पायजे?"

मग माणसाला आवडेल तोच फोटो काढायचा का? इतकं सोपं नाही. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या छावणीत एका आईचा फोटो काढला. नावही विचारलं नाही. फोटो छापून आल्यावर छावणीत अन्न पोचलं, पण तोवर ते कुटुंब तिथून निघून गेलं होतं. ती आई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, म्हातारपणी त्या फोटोबद्दल नाराजच होती. तरी तो फोटो काढायलाच नको होता, असं मला म्हणवत नाही. त्यातून कुणाचं तरी पोट भरलं.

माझ्या फोटोने कुणाचं पोट भरलं? फक्त माझं, लाइकने.

गौतम राजाध्यक्षांनी टिपलेले सिनेतारकांचे चेहरे बघताना एक गोष्ट जाणवते. कॅमेऱ्याला काय द्यायचं आणि काय राखून ठेवायचं, हे त्या माणसांना ठाऊक होतं. काकूंना ती संधी मी दिलीच नाही. खरं तर विरोधी भावना त्यांच्या चेहऱ्यावर होत्याच. यजमानांचा विषय निघाला, त्या क्षणभर गप्प झाल्या, पदराने तोंड पुसलं आणि पुन्हा रोवणीला वाकल्या. दोन मिनिटांत एखादी बाई पुन्हा हसलीही, तिच्यासोबत काकूही. त्यांच्यासाठी ती एकच दुपार होती. तिचे दोन तुकडे मी केले, कारण तुकडे पटकन कळतात.

पोस्ट काढून टाकली. हसरा फोटो मोठा करून, फ्रेम करून काकूंना पाठवला. दुसरा अजून फोनमध्ये आहे. डिलीट करायला बोट जातं आणि थांबतं, कारण फोटो चांगला आला आहे. पुढच्या खेपेला काकूंनाच विचारीन, ठेवू का म्हणून. त्या नाही म्हणाल्या, तर तिथेच, त्यांच्यासमोर डिलीट करायचा.