नंबर टाकला आणि...

भाच्यानं मला 'क्रुसेडर किंग्स टू' हा राजेरजवाड्यांचा गेम शिकवला. तो २०१२चा, पण २०१४ मध्ये 'राजाज ऑफ इंडिया' हा जोडभाग आला, तेव्हापासून त्यात जैन राजाही होता येतं. मी अर्थात तोच झाले.

खजिना रिता झाला की कन्सोल उघडायचा, 'कॅश' लिहून पुढं आकडा टाकायचा, सोनं हजर. त्याचं मला काही वाटलं नाही. अचौर्यव्रत मोडलं म्हणावं, तर चोरी झाली कुणाची?

मग माझ्या राजाचा सहा वर्षांचा पुतण्या आला. त्याच्या नावावर शेजारचं राज्य. तो गेला तर ते माझ्याकडं. रीतसर मारायचं तर कट करावा लागतो, साथीदार मिळवावे लागतात, आणि उघडकीस आलं तर सगळे तोंड फिरवतात. भाचा म्हणाला, "आत्या, कशाला एवढं? 'किल' लिही, पुढं त्याचा नंबर. तुझं नाव कुठं येत नाही."

टाकला. पोरगं गेलं.

आमच्याकडं हिंसा आधी मनात मोजतात. पडद्यावर जीव नव्हताच. मन मात्र माझंच होतं. कट करताना जी भीती, जी लाज वाटली असती, तीसुद्धा मी एका ओळीत टाळली. खेळच तो, असं म्हणून सुटले असते; पण सोनं घेताना न आलेला काटा आता अंगावर आला. त्या आठवड्यात वडिलांच्या घराच्या वाटणीचे कागद टेबलावर होते. त्यात दादाच्या पश्चात याचं नाव होतं.

"आधीचा सेव्ह उघडू का?" त्यानं विचारलं.

मी नको म्हटलं.