गळ्याची मजुरी

घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी सुरेल गळ्याची निघते. हम्द, नात, गझल गाता गाता तिला त्याचाच ध्यास लागतो आणि एक दिवस ती म्हणते की मी यावरच जगेन. अशा वेळी आपल्या घरांत दोन प्रश्न पाठोपाठ उभे राहतात. हे जायज आहे का? आणि यावर पोट भरेल का? पहिल्या प्रश्नावर आपण रात्ररात्र वाद घालतो आणि दुसरा हसून सोडून देतो. प्रस्तुत लेखकाच्या मते दुसरा प्रश्नही पहिल्याइतकाच दीनी आहे, कारण तो रोजीचा प्रश्न आहे. रोजी कोठून आली, कशी ठरली आणि कोणाच्या हातून मिळाली, याचा हिशेब प्रत्येकाला द्यावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाला अर्थातच बगल देता येणार नाही. संगीताविषयी उलेमांमधील मतभेद फार जुने आहेत. चारही मसलकांतील बहुसंख्य फुकहांनी वाद्यांना, विशेषतः तंतुवाद्ये व सुषिर वाद्ये यांना, नापसंत किंवा निषिद्ध ठरविले. अंदलुसचे इब्न हज्म यांनी मनाईच्या रिवायतींची छाननी करून त्या कमजोर असल्याचा निर्वाळा दिला. इमाम गझाली यांनी ‘इह्याउ उलूमिद्दीन’मध्ये समाअसाठी स्वतंत्र ग्रंथभाग लिहिला आणि गीताचा आशय, सोबतचे वाद्य व ऐकणाऱ्याची मनःस्थिती यांवर निर्णय अवलंबून ठेवला. मद्यपींच्या बैठकांशी जोडली गेलेली वाद्ये मात्र त्यांनीही वगळली. ईदच्या दिवशी हजरत आयशा (रजि.) यांच्या घरी दोन मुली गात असता हजरत अबू बक्र (रजि.) यांनी दटावले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना गाऊ द्यावे असे सांगितले, ही सहीह बुखारीतील घटना दोन्ही पक्ष पुढे करतात आणि दोघेही तिचा अर्थ वेगळा लावतात. आपल्या घराने कोणते मत स्वीकारावे, हे आपल्या विश्वासातील आलिमांना विचारूनच ठरवावे.

ज्यांनी ‘नाही’ असा निर्णय घेतला व जे त्याप्रमाणे वागतात, त्यांच्याशी या लेखाचा वाद नाही. ज्यांनी मर्यादेत का होईना ‘हो’ म्हटले आहे, त्यांच्याशी बोलावयाचे आहे. कारण आपल्यात एक तिसरा वर्ग फार मोठा आहे. ऐकताना त्याला सर्व जायज वाटते, पण पैसे देण्याची वेळ आली की त्याला फतवे आठवतात.

लग्नाचा कार्यक्रम पाहा. मांडववाला आगाऊ रक्कम घेतल्याशिवाय बांबू उतरवीत नाही. आचाऱ्याशी देगेमागे दर ठरतो. लाइटवाल्याचे पैसे त्याच रात्री चुकते होतात. नातख्वाँला किंवा कव्वाली पार्टीला मात्र ‘तुम्ही घरचेच, देऊ ना काहीतरी’ असे सांगितले जाते. रात्री दोन वाजता कोणीतरी बंद पाकीट हातात ठेवतो. आत काय आहे हे घेणाऱ्यालाही ठाऊक नसते आणि अनेकदा देणाऱ्यालाही नसते. कव्वालीत नोटांची उधळण झाली, तर तबलजी आणि कोरस धरणारी पोरे त्या वेचतात. तमाशातील दौलतजादा आपल्याला हीन वाटते, आणि हे दृश्य तिच्याहून फारसे निराळे नाही.

फिक्हच्या ग्रंथांत मजुरीच्या कराराला इजारा म्हणतात. त्याची एक मूलभूत अट अशी की काम आणि मोबदला दोन्ही आधी माहीत असले पाहिजेत; मोबदला अज्ञात ठेवला तर करारच सदोष ठरतो. मजुराचा घाम सुकण्याआधी त्याला मजुरी द्यावी, ही प्रेषितांची (स.) ताकीद तर आपण भिंतीवर लावतो. गाणाऱ्याच्या घामाला ती लागू होत नाही, असे कोणी म्हटलेले नाही. ठरलेल्या मजुरीवर खुशीने काही नजराणा द्यावा, त्याला कोणाचीच हरकत नसावी. पण मजुरी बुडवून तिच्या जागी नजराणा ठेवला, की कामगाराचा याचक होतो.

येथे एक गंभीर आक्षेप आहे. नात ही प्रेषितांच्या (स.) प्रेमाची अभिव्यक्ती, तिचे दर कसले ठरवता? हा आक्षेप टाळण्याजोगा नाही, कारण त्याला आधार आहे. अजान देण्याचा मोबदला न घेणारा मुअज्जिन नेमावा, असे प्रेषितांनी (स.) हजरत उस्मान बिन अबुल आस (रजि.) यांना सांगितल्याची हदीस आहे. परंतु दुसऱ्या बाजूला असेही आहे की काही सहाबांनी सूरह फातिहा पढून दंश झालेल्या माणसावर उपचार केला, त्याबद्दल मोबदला घेतला, आणि प्रेषितांनी (स.) तो योग्य ठरविला. प्रारंभीच्या हनफी फुकहांनी कुरआन शिकविण्याची मजुरी नाकारली होती. नंतरच्यांनी ती मान्य केली आणि कारण स्पष्ट दिले: पूर्वी शिक्षकांना बैतुलमालमधून वेतन मिळे, ते बंद पडले, आता मजुरी नाकारली तर शिकविणारेच उरणार नाहीत. या निर्णयात प्रेमाची किंमत केलेली नाही. शिकविणाऱ्याचा वेळ आणि त्याचे घर यांची जबाबदारी कोणीतरी घ्यावयास हवी, इतकेच मान्य केले आहे. नातख्वाँच्या रियाजाला, प्रवासाला आणि जागरणाला हाच विचार लावण्यात काय अडचण आहे, हे आक्षेप घेणाऱ्यांनी सांगावे.

बैतुलमाल आटले, तसे संगीतकारांचे दरबारही आटले. त्या वळणावर आपल्याच महाराष्ट्रात राहिलेल्या एका उस्तादाचे उदाहरण बोलके आहे. उस्ताद अब्दुल करीम खाँ 1872 मध्ये कैरान्यात जन्मले, तरुणपणी बडोद्याच्या दरबारी होते. तो आश्रय सोडून ते बाहेर पडले आणि पुढे मिरजेस स्थायिक झाले. 1913 मध्ये त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय सुरू केले. विद्यार्थी तेथे राहून शिकत. उस्ताद तिकीट लावून जलसे करीत, गावोगाव व पार दक्षिणेपर्यंत बैठका करीत, ध्वनिमुद्रिकाही काढल्या. शिकवणी, जलसा, मुद्रण आणि प्रवास या चार पायांवर त्यांनी संसार उभा केला. आज ज्याला आपण स्वतंत्र कलावंत म्हणतो, त्याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा नमुना होय. कोणा एका धन्याची मर्जी गेली म्हणून चूल विझावी, अशी वेळ त्यात नव्हती.

पण त्या घडीची दुसरी बाजूही पाहावी. 27 ऑक्टोबर 1937 रोजी, वयाच्या पासष्टीच्या उंबरठ्यावर, उस्तादांचे निधन झाले ते घरी नव्हे; मद्रासहून पाँडिचेरीकडे जात असता सिंगपेरुमाळकोईल या छोट्या स्थानकावर. गाणाऱ्याला निवृत्ती नसते. गळा चालतो तोवर चूल पेटते, ही त्या धंद्यातील सर्वांत मोठी भीती आहे. मुलाच्या निर्णयाला विरोध करणारे वडील बहुधा याच भीतीपोटी करतात. त्यांची चेष्टा करू नये.

म्हणून हिशेब आधीच मांडावा. समजा, एका तरुण गायकाकडे 20 विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकाकडून तो महिना 800 रुपये घेतो, म्हणजे 16,000. महिन्याला दोन कार्यक्रम, साथीदारांचे व प्रवासाचे पैसे वजा जाता प्रत्येकी 7,000. म्हणजे आणखी 14,000. कागदावर 30,000 दिसतात. पण पावसाळ्यात कार्यक्रम जवळजवळ नसतात, रमजानमध्ये आणि मुहर्रमच्या दिवसांत नसतात, परीक्षेच्या दिवसांत विद्यार्थी गळतात. तेव्हा घरखर्च 30,000 वर बेतणारा वर्षभरात कर्जात जाणारच, आणि ते कर्ज बहुधा व्याजाचे असेल. हजरत यूसुफ (अ.) यांनी सुकाळाच्या सात वर्षांतील धान्य कणसातच राखून दुष्काळाची सोय केली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गायकाने घरखर्च भाकड महिन्यावर बेतावा आणि लग्नसराईतील जास्तीचे बाजूला ठेवावे. ध्वनिक्षेपक, मिक्सर, नवी पेटी यांसाठी हप्त्यांच्या मोहात पडण्यापेक्षा काही काळ भाड्याने आणावे.

या हिशेबात ध्वनिमुद्रणाची कमाई धरलेली नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. इंटरनेटवर एकदा गाणे ऐकले गेले तर गायकाच्या वाट्याला येणारी रक्कम रुपयांत नव्हे, पैशांत मोजावी लागते. लाखो श्रोते असलेल्यांचे त्यावर भागते. इतरांसाठी ते ओळख वाढविण्याचे साधन आहे, उपजीविकेचे नाही. त्यापेक्षा थेट देणारे थोडे लोक जास्त कामाचे. ज्याला आवाज आवडतो असा एक हजारांचा समुदाय वर्षाला 300 रुपये देऊन ध्वनिमुद्रिका किंवा बैठकीचे तिकीट घेऊ लागला, तर 3 लाख होतात. हजार माणसे म्हणजे दोन-चार मोहल्ले.

ओळख वाढविण्याच्या घाईत एक रोग शिरला आहे. पैसे देऊन खोटे श्रोते विकत घेतले जातात. आकडा लाखांत दिसतो आणि तो दाखवून आयोजकांकडून बिदागी वाढवून घेतली जाते. मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले निघाले आणि वरचे कोरडे. त्यांनी विक्रेत्याला काय सुनावले, हे आपणांस ठाऊक आहे. हा आकडाही तसाच वरून कोरडा ढीग आहे. जाहिरातींचेही तेच. हम्दच्या आधी जुगाराच्या अॅपची जाहिरात लागावी, याइतके ओंगळ काही नाही. यूट्यूबवर काही वर्गांतील जाहिराती रोखण्याची सोय असते. ती वापरल्याने उत्पन्न घटेल, हे खरे आहे, आणि तरीही ती वापरावी.

कायद्याची बाजू आपल्याकडे फारच दुर्लक्षित आहे. 2012 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. गीतकार आणि संगीतकार यांचा रॉयल्टीचा हक्क कोणत्याही कंपनीला कायमचा लिहून घेता येत नाही, अशी तरतूद त्यात आली. गायक-वादकांसाठीही व्यावसायिक वापरातील वाट्याची तरतूद झाली. ‘पाच हजार घे आणि सही कर’ म्हणणाऱ्या कागदावर सही करण्यापूर्वी तो वकिलाला दाखवावा. गीत व चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. म्हणजे तो विरासत आहे. शेताची वाटणी करताना ज्या बहिणीचा वाटा दडपला जातो, तिचा या चालींतही वाटा आहे, याची आठवण येथेच करून दिलेली बरी.

आणखी एक मार्ग आहे आणि तो कमीपणाचा नाही. हजरत दाऊद (अ.) यांच्या कंठातील माधुर्याचा उल्लेख दीनी साहित्यात सर्वत्र येतो, पण ते खात असत स्वतःच्या हातच्या कमाईचे, आणि ती कमाई चिलखते घडविण्याची होती. गळा एकीकडे, रोजी दुसरीकडे. आपल्या मिरजेत याच्या उलट घडले. शस्त्रांना धार लावणारी शिकलगार घराणी एकोणिसाव्या शतकात लोखंड सोडून भोपळ्याकडे वळली आणि तंबोरे, सतारी घडवू लागली. कैक घरांचे आडनावच सतारमेकर झाले. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. त्या गल्लीत पिढ्यान् पिढ्या चूल चालली, कारण तेथे तंबोऱ्याला किंमत सांगितली जाते आणि गिऱ्हाईक ती मोजून देते. दुकान सांभाळून, शाळेत शिकवून किंवा वाद्ये दुरुस्त करून जो संध्याकाळी गातो, त्याला कोणाच्याही लग्नात ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य राहते. सर्वस्वी गाण्यावर जगणाऱ्याला ते मिळवावे लागते.

मिरजेतच ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्यात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. उरुसात तेथे त्यांच्या स्मरणार्थ संगीत सभा भरते आणि नामवंत कलावंत मानधन न घेता हजेरी लावतात. उरुसाविषयी आपले मत काहीही असो, त्या विनामूल्य गाण्याकडे बारकाईने पाहा. तेथे गाणारा देणारा असतो. न घेण्याचा निर्णय त्याने स्वतः केलेला असतो, आणि तो त्याला परवडतो कारण इतरत्र त्याला पूर्ण बिदागी मिळालेली असते. हेच उदाहरण पुढे करून आपल्या मुलीच्या वलीम्याला कोणा होतकरू पोराकडून फुकट गाऊन घेणारे लोक असतात. पुढच्या वेळी कार्यक्रम ठरवाल तेव्हा आचाऱ्याशी बोलता त्याच बैठकीत गाणाऱ्यालाही विचारा: किती घ्याल, किती वाजता सुटाल, आणि साथीदारांचे वेगळे द्यावयाचे का?