गर्भस्थ जीवाचा कैवार

पोटातल्या जिवाला हक्क असतो की नाही, हा प्रश्न पूर्वी कोणी चारचौघांत काढीत नसे. सुईणीच्या कानाशी लागून जे काय व्हावयाचे ते होई, आणि घराचे दार लावून घेतले जाई. आता काळ पालटला आहे. न्यायालयांचे निकाल वर्तमानपत्रांत येतात. अमेरिकेतील स्त्रियांना १९७३ साली मिळालेला गर्भपाताचा हक्क तेथल्याच सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली काढून घेतला, ही बातमी सिन्नर-निफाडकडच्या पारावरदेखील वाचली जाते. मग कीर्तन आटोपल्यावर, टाळ पिशवीत घालता घालता, एखादा तरुण वारकरी विचारतो, "महाराज, आपला संप्रदाय याला काय म्हणतो? पाप की नाही, एवढंच सांगा." एवढेच सांगणे सोपे असते तर आम्ही हा लेख लिहावयास घेतला नसता.

प्रथम शास्त्र पाहू. भ्रूणहत्या हे घोर पातक म्हणून धर्मशास्त्राने सांगितले आहे, ह्यात वाद नाही. वाद आहे तो गर्भात जीव केव्हा येतो ह्याविषयी, आणि तेथे आपले ग्रंथ एका सुरात बोलत नाहीत. शुक्र, शोणित आणि जीव ह्या तिहींचा कुशीत संयोग झाला की त्यालाच गर्भ म्हणावयाचे, असे चरकसंहिता सांगते. म्हणजे जीव पहिल्या क्षणापासून आहे. गर्भोपनिषदाच्या मते जीवाचा योग सातव्या महिन्यात होतो. सुश्रुत वेगळीच खूण सांगतो. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, चेतना प्रकट होते, आणि आता ह्या बाईच्या देहात दोन हृदये झाली म्हणून तो तिला दौहृदिनी म्हणतो. आपल्या घरातल्या बाया ज्यांना डोहाळे म्हणतात, तो शब्द ह्याच कुळातला. आम्हांस तो फार मोलाचा वाटतो. चिंच मागते ती आई की पोटातले बाळ, हा प्रश्न डोहाळजेवणाला जमलेल्या आयाबायांना कधी पडत नाही. दोघांची मिळून एक इच्छा, ती पुरवायची, बस्स. पश्चिमेकडच्या वादात आईचा हक्क एका पारड्यात आणि बाळाचा दुसऱ्या पारड्यात घालून तोलतात. दोन हृदयांच्या एका देहाला ती तागडी लावावी कशी, हे आम्हांस अजून उमगलेले नाही.

संतांच्या वाणीत गर्भवास येतो तो बहुधा दुःखाचे ठिकाण म्हणून. तरी तुकोबांनी मुक्ती बाजूला सारून भक्तीसाठी तोच गर्भवास देवापाशी मागून घेतला. तेव्हा गर्भातला जीव 'कोणीच नाही' असे वारकऱ्याला म्हणता यावयाचे नाही. तो वाटेवरचा प्रवासी आहे. आमचा कल चरकाकडे आहे तो ह्यामुळे. कोणी चतुर माणसे म्हणतात, आत्मा मरत नाही असे गीताच सांगते, मग गर्भपातात मेले कोण? ह्या हिशेबाने भर बाजारात सुरा चालविणाराही निर्दोष सुटेल! "त्या जीवाचं प्रारब्धच तेवढं," हे बोलणेही त्याच तोडीचे. दुसऱ्याचे प्रारब्ध आपल्या हातातल्या हत्याराने लिहावयाचे नसते.

हिंसा आहे, हे एकदा कबूल केले की खरा प्रश्न सुरू होतो. त्याच सुश्रुताने चिकित्सास्थानात मूढगर्भाचे प्रकरण लिहिले आहे. बाळ आडवे येऊन अडकले म्हणजे वैद्याने काय करावे, ह्याची ती कठोर पाने आहेत. जिवंत गर्भाला शस्त्र लावू नये, असे तो बजावतो. आणि विकार असह्य होऊन आईच जाण्याची वेळ आली तर गर्भ पाडणे बरे, आई दगावणे नव्हे, असेही तोच सांगतो. दोन्ही वचने एकाच वैद्याची, एकाच प्रकरणातली. ज्यांना एकच वचन हवे असते त्यांनी ती पाने बहुधा उलटलेली नसतात.

आता कीर्तनात हमखास येणारा एक दाखला घेऊ. "रुक्मिणीबाईंनी गर्भ पाडला असता तर ज्ञानोबा कुठून आले असते?" असे विचारले की टाळ्या पडतात. आम्ही निवृत्तिनाथांच्या मुलखातली, नाशिक-त्र्यंबककडची माणसे; त्या भावंडांवर आमचा जीव. तरी हा दाखला आम्हांस पटत नाही. जो ज्ञानेश्वर होणार नाही, ज्याच्या हातून एक ओवीही उतरणार नाही, जो जन्मभर नांगर हाकील किंवा पांगळा बसून राहील, त्याच्या जिवाचे मोल काय कमी? आणि दुसरे असे की ह्या दाखल्यात रुक्मिणीबाई नुसत्या नावाला येतात. विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने घरी आले, त्यांना चार मुले झाली, हे सर्वांस ठाऊक आहे. मुले जन्मली आणि 'संन्याशाची पोरं' झाली. गावाने घर वाळीत टाकले, मुंज नाकारली. ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघाच्या भयाने चुकलेल्या निवृत्तीला गहिनीनाथांच्या गुहेत आसरा मिळाला. माणसांच्या वस्तीत तो मिळत नव्हता. पुढे आईबापांना देहान्त प्रायश्चित्त सांगण्यात आले आणि त्यांनी ते घेतले. पोरक्या झालेल्या चौघांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागली. ज्या धर्मसभेने प्रायश्चित्त सांगितले, तिच्यातल्या एकानेही भ्रूणहत्येला बरे म्हटले नसते! गर्भाचा कैवार आणि जन्मलेल्या पोराचा छळ, दोन्ही एकाच पोथीवर हात ठेवून करता येतात.

सहाशे वर्षांनी हेच विधवांच्या वाट्याला आले. दहाव्या वर्षी लग्न, बाराव्या वर्षी कुंकू पुसलेले, पुनर्विवाहाला बंदी, आणि मग घरातल्याच कोणाचे तरी पाप त्या पोरीच्या पोटी. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मूल मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. ती पुढे कमी झाली. बाईला फास आणि बाप्या मोकळा, हे पाहून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पेटून उठल्या आणि १८८२ साली त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिली. त्याच्याही आधी, १८६३ साली, जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गुपचूप ये, सुखरूप बाळंत हो, मूल ठेवणे न ठेवणे तुझ्या खुषीवर, असा तेथला रिवाज. तेथे आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोगी आणता आणता सावित्रीबाई स्वतः गेल्या. बालहत्या थांबविण्याचे ह्यापेक्षा नेमके काम कोणी केल्याचे आमच्या वाचनात नाही.

आणि आपली पंढरी? तेथे १८७५ साली लालशंकर उमियाशंकर ह्या न्यायखात्यातील गुजराती गृहस्थांच्या पुढाकाराने टाकलेल्या अर्भकांसाठी आश्रम निघाला, आणि मुंबईच्या प्रार्थना समाजाने तो चालविला. मूर्तिपूजा न मानणाऱ्या मंडळींनी विठोबाच्या दारची पोरे उचलली, हे चांगलेच झाले. वारकऱ्यांनी ते काम काढले असते तर आम्हांस अधिक आवडले असते.

सरकारने मात्र वेगळी वाट धरली होती. १८६० च्या दंडसंहितेने आईचा जीव वाचविण्याखेरीज गर्भपात हा गुन्हा ठरविला, आणि करणाराबरोबर करवून घेणाऱ्या बाईलाही शिक्षा सांगितली. त्याने गर्भपात थांबला नाही; तो काळोखात गेला. काड्या, मुळ्या, कसले कसले काढे, आणि मग धनुर्वात, रक्तस्राव. किती गेल्या त्याची गणती कोण ठेवणार? शेवटी १९६४ साली महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, १९६६ साली तिचा अहवाल आला, आणि १९७१ चा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती त्याने पुरेशी मानली, नवऱ्याची मागितली नाही. वीस आठवड्यांची मर्यादा होती. २०२१ च्या दुरुस्तीने ती काही स्त्रियांसाठी चोवीसवर नेली, आणि गर्भात भारी व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळाच्या संमतीने त्यापुढेही मोकळीक ठेवली.

ह्या व्यंगाच्या बाबीत आम्ही फार सांभाळून बोलू. २००८ साली मुंबईतील एका दांपत्याने गर्भाच्या हृदयात दोष आढळला म्हणून उच्च न्यायालयात अर्ज केला होता. मुदत उलटून गेली होती, अर्ज फेटाळला गेला. पुढे तो गर्भ आपोआपच गेला. त्या वेळी पुष्कळांनी त्या आईला निष्ठुर ठरविले. आम्हांस ते धाडस होत नाही. व्यंग असलेले मूलही पांडुरंगाचेच, हे आम्ही मानतो. पण ते मूल जन्मभर उचलून न्यावयाचे असते तिच्या कमरेवर, आणि आम्ही वर्षातून एकदा येऊन प्रवचन करणार! दुसरा निकाल २०२३ च्या ऑक्टोबरातला. दोन मुलांच्या आईने सव्वीस आठवड्यांच्या गर्भासाठी परवानगी मागितली होती. मागच्या बाळंतपणानंतर तिचे मन आजारी पडले होते. सर्वोच्च न्यायालयाने परवानगी नाकारली. मात्र बाळंतपणाचा खर्च सरकारने सोसावा आणि आईबापांची इच्छा असल्यास मूल दत्तक देण्यास साह्य करावे, असेही त्याच निकालात म्हटले. निकाल कोणाला पटो न पटो, 'पाडू नको' म्हणणाराने पुढचे ओझे उचलावे एवढी जाण त्यात आहे. आमच्या व्यासपीठांवर ती क्वचित दिसते.

येथवर आम्ही भयाने, आजाराने, लोकलज्जेने गांजलेल्या बाईविषयी बोललो, आणि तिच्याकडे दोषाचे बोट करू नये असे आमचे मत आहे. एका प्रकारात मात्र आमची जीभ मऊ होत नाही. मूल हवे आहे, घरात खावयास आहे, आई धडधाकट आहे, आणि यंत्रात पाहून कळले की मुलगी आहे म्हणून ते पाडले. येथे बहुतेक वेळा आईला विचारलेलेही नसते. सासू ठरविते, नवरा गाडी काढतो. देशातील पहिला गर्भलिंग-चाचणीविरोधी कायदा १९८८ साली महाराष्ट्रानेच केला, केंद्राचा १९९४ साली आला. आणि फळ काय? सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे महाराष्ट्रात १९९१ साली ९४६ मुली होत्या, २००१ साली ९१३, आणि २०११ च्या खानेसुमारीत ८९४. आमचा नाशिक जिल्हा त्या वर्षी ८९० वर होता. त्र्यंबकेश्वरी नारायण-नागबळी करून संतान मागावयास सगळ्या देशातून माणसे येतात, तो हा जिल्हा. त्याच २०११ साली सातारा जिल्ह्यात 'नकुसा' नाव ठेवलेल्या पावणेतीनशेच्या वर मुलींना समारंभ करून नवी नावे देण्यात आली. नकुसा म्हणजे नको असलेली. त्या निदान जन्मल्या तरी.

ह्या गोष्टीत आमच्या कीर्तनाचे अंग नाही असे म्हणून सुटता यावयाचे नाही. २०२० साली शेजारच्या जिल्ह्यातील एका गाजलेल्या कीर्तनकारांनी सम तिथीला मुलगा आणि विषम तिथीला मुलगी होते असे सांगितल्यावरून गदारोळ उठला, त्यांनी दिलगिरी प्रकट केली, तरी प्रकरण कोर्टात गेलेच. त्यांच्या एकट्यावर तोंडसुख घेण्यात अर्थ नाही. 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव' हा आशीर्वाद आम्ही सगळेच देत आलो. पायांवर डोके ठेवणारी सून ते ऐकते, मागे उभी असलेली सासूही ऐकते. आणि तोच महाराज क्षणापूर्वी जनाबाईच्या दळणकांडणात हात घालणाऱ्या देवाचे आख्यान रंगवीत असतो, मुक्ताईने ज्ञानोबांना ताटी उघडावयास लावली म्हणून डोळे पुसत असतो! जनाबाई तर लहानपणी परक्या दारी आलेली पोर. दामाशेटींच्या घरात तिला जागा मिळाली, म्हणून नामयाची जनी झाली.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकास निवृत्तिनाथांची यात्रा भरते. तेथे कीर्तनाला उभे राहणाऱ्या महाराज मंडळींस आमची विनंती आहे की, नमस्काराला वाकलेल्या सुनेला आशीर्वाद देताना 'पुत्र' शब्द गाळावा आणि नुसते 'सुखी राहा, बाई' म्हणावे. कोणी आई लग्न न झालेल्या लेकीला घेऊन रडत आली तर तिला आधी चांगल्या सरकारी डॉक्टरीणबाईंचा पत्ता द्यावा, पापाचा अध्याय मागाहून. पुढे काय करावयाचे ते त्या मुलीने ठरवावे. मूल वाढवावयाचे तिने ठरविले तर ती बाळंतपणाला कोणाच्या घरी राहू शकेल, त्यांची नावे दिंडीच्या विणेकऱ्यापाशी लिहून ठेवलेली असावीत. आमच्या दिंडीत अशी दोन घरे तयार झाली आहेत, एक सिन्नर तालुक्यात आणि एक नाशिकरोडला. आणखी हवी आहेत.