परमुलखातील पैशाचे प्रामाण्य

हातातला पैसा खरा आहे हे माणसाला कशावरून कळते, हा प्रश्न आपल्या गावात सहसा उद्भवत नाही, आणि तो उद्भवत नाही हीच त्यातली विचार करण्याजोगी गोष्ट आहे. भारतीय दर्शनांत ज्ञानाच्या खरेपणाविषयी जो जुना वाद चालत आला, त्याच्या परिभाषेत ही स्थिती नेमकी सांगता येते. मीमांसकांचे, विशेषतः कुमारिल भट्टांचे, मत असे की ज्ञान उत्पन्न होते तेच प्रमाण म्हणून. त्याचा खोटेपणा मात्र बाहेरून, म्हणजे त्याला बाधक असे दुसरे ज्ञान झाल्यावर किंवा ज्ञानाच्या कारणातला दोष कळल्यावर, सिद्ध होतो. या मताला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिकांचे म्हणणे याच्या उलट आहे. समोर पाणी दिसले एवढ्याने ते ज्ञान खरे ठरत नाही. तिथवर जाऊन तहान भागली, म्हणजे ज्ञानानुसार केलेली प्रवृत्ती सफल झाली, की मगच त्याचे प्रामाण्य निश्चित होते. हे परतःप्रामाण्य होय. पुण्याच्या मंडईत नोट देणारा आणि घेणारा दोघेही नकळत मीमांसक असतात. तोच माणूस परमुलखात उतरला की त्याला नैयायिक व्हावे लागते, कारण तिथे त्याच्या पैशाचे खरेपण दुसऱ्या कोणीतरी ते मान्य करीपर्यंत लोंबकळत राहते.

पेशवाईतल्या पुण्याला हा अनुभव घेण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे. त्या काळी निरनिराळ्या टांकसाळींचे रुपये एकाच बाजारात फिरत होते, अंकुशाचे चिन्ह असलेला अंकुशी रुपया पुण्याकडे चाले, चांदवडच्या टांकसाळीचा चांदवडी वेगळा, आणि प्रत्येकाच्या चांदीचा कस व झीज निराळी असल्यामुळे एक रुपया देऊन दुसरा घेताना बट्टा, म्हणजे दरातील तूट, सोसावी लागे. सराफ नाणे दगडावर टाकून त्याचा नाद ऐकत, संशय आल्यास कस लावून पाहत, आणि पारख झाल्याची खूण म्हणून त्यावर बारीक छाप मारीत. अशा छापांनी भरलेले जुने रुपये आजही संग्रहांत दिसतात. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारच्या मुलखात एकाच वजनाचा व कसाचा रुपया सर्वत्र सुरू झाला, तेव्हा सोय निःसंशय वाढली, पण रोजच्या व्यवहारातून परीक्षेची ही शिस्त ओसरत गेली. पैशाला स्वतःप्रमाण मानण्याची सवय म्हणजे निसर्गाचा नियम नसून एका राज्यव्यवस्थेने दिलेली सोय आहे, हे या इतिहासावरून उघड होते.

यात्रेकरूची अडचण याहून मोठी होती. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई १७३५ मध्ये उत्तरेच्या यात्रेला निघाल्या, तेव्हा त्यांच्यापुढे पेशव्यांचा दबदबा चालत होता आणि वाटेतल्या राजांनी त्यांचा सन्मान केला. सामान्य यात्रेकरूपाशी असा दबदबा नव्हता आणि काशीपर्यंत चांदी वाहून नेणे म्हणजे लुटारूंना आमंत्रण होते. त्याच्यासाठी हुंडी होती. पुण्यातल्या पेढीवर रक्कम भरायची, सावकाराने काशीच्या आडत्याच्या नावे चिठ्ठी लिहून द्यायची आणि ती दाखवून तिथे पैसे घ्यायचे, एवढाच तो व्यवहार. दाखवताच देय होणारी ती दर्शनी हुंडी आणि ठरावीक दिवसांनी देय होणारी ती मुदती. रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत तर लिहीतच, शिवाय निम्मी रक्कम किती आणि तिची दुप्पट किती हेही लिहीत, म्हणजे सातशेच्या हुंडीत साडेतीनशेची दुप्पट असे शब्द येत, जेणेकरून आकडा खोडून वाढवणाऱ्याला एका जागी नव्हे, तर अनेक जागी लबाडी करावी लागे. मूळ हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत, पेठ, आणि तीही हरवली तर परपेठ काढून मिळे. शाहजोग हुंडीची रक्कम तर बाजारात पत असलेल्या माणसालाच द्यायची, अशी रीत होती, म्हणजे पुढे काही वावगे निघाल्यास जाब विचारण्यासाठी एक ओळखीचा माणूस उरे.

या सगळ्या सावधगिरीच्या मुळाशी नैयायिकांचा शब्दप्रमाणाचा विचार आहे असे म्हणता येते. हुंडी ही वस्तू नव्हे. ती दूरस्थ माणसाचा शब्द आहे, आणि शब्द प्रमाण होतो तो आप्ताचा. न्यायसूत्रांवरील भाष्यात वात्स्यायनांनी आप्ताचे लक्षण सांगितले आहे: ज्याला वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि जसे जाणले तसेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू पडते, असे त्यांनी तिथे स्पष्ट म्हटले आहे. परक्या देशात, परक्या भाषेच्या, परक्या धर्माच्या माणसाच्या हाती आपली पुंजी सोपवणाऱ्या प्रवाशाला तत्त्वज्ञानाने दिलेला याहून मोठा आधार सापडणे कठीण आहे. विश्वास जातीवर, धर्मावर किंवा देशावर ठेवायचा नसून ज्ञान आणि सचोटी या दोन गुणांवर ठेवायचा, हे तत्त्व एका ब्राह्मण भाष्यकाराने दीड हजार वर्षांपूर्वी इतक्या निःसंदिग्धपणे मांडावे, ही अभिमानाची गोष्ट आहे. आचारात ते तितके उतरले नाही, हेही तितकेच खरे.

कुमारिलांचा आक्षेप मात्र इथे टाळता येत नाही. एका ज्ञानाचे प्रामाण्य दुसऱ्या ज्ञानाने ठरवायचे, तर त्या दुसऱ्याचे तिसऱ्याने ठरवावे लागेल आणि ही साखळी कुठेच थांबणार नाही. या दोषाला अनवस्था म्हणतात. आडत्याची पत सावकार सांगतो, सावकाराची पत बाजार सांगतो, पण बाजाराची पत कोणी सांगायची? इस्लामी धर्मशास्त्राने या साखळीला वेगळ्या ठिकाणी गाठले. तिथे चलनाच्या अदलाबदलीला सर्फ म्हणतात, आणि दोन्ही बाजूंचे नाणे त्याच बैठकीत हातोहात दिले-घेतले पाहिजे, उधारीला जागा नाही, असा दंडक आहे. भविष्यावरचा विश्वास मागायचाच नाही, ही त्यातली दृष्टी. आजच्या भारतीय नियमांत एका आर्थिक वर्षात २,५०,००० अमेरिकी डॉलरपर्यंत परकीय चलनाची मुभा असली, तरी बहुतेक देशांसाठी एका प्रवासात नोटांच्या रूपाने ३,००० डॉलरच नेता येतात; हज आणि उमरा करणाऱ्यांना मात्र याहून अधिक रोख नेण्याची सवलत ठेवली आहे. यात्रेकरूची गरज इतर प्रवाशांपेक्षा निराळी असते, हे आधुनिक राज्यानेही मान्य केले, ही नोंद महत्त्वाची आहे.

स्वतःप्रामाण्याच्या सवयीची किंमत कशी मोजावी लागते, याचे लहानसे उदाहरण परदेशातल्या कोणत्याही दुकानात मिळते. भारतीय कार्ड लावल्यावर यंत्र पुष्कळदा विचारते की रक्कम रुपयांत द्यायची की तिथल्या चलनात. रुपयांतला आकडा ओळखीचा असल्यामुळे तो खरा आणि निर्धोक वाटतो, पण त्यातला रूपांतराचा दर दुकानदाराच्या बाजूच्या संस्थेने आपला नफा धरून ठरवलेला असतो. परका आकडा स्वीकारून कार्डसंस्थेचा दर आणि आपल्या बँकेचे शुल्क सोसणे बहुधा स्वस्त पडते. बाधाचे उदाहरण याहून कठोर आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा परदेशस्थ मराठी कुटुंबांच्या कपाटांत मायदेशी येण्यासाठी जपून ठेवलेल्या नोटा होत्या. अनिवासी भारतीयांना ३० जून २०१७ पर्यंत ठरावीक रकमेपुरती मुदत मिळाली, तीही रिझर्व्ह बँकेच्या पाचच कार्यालयांत, ज्यांत मुंबई आणि नागपूर होते, पुणे नव्हते. जे ज्ञान कालपर्यंत खरे होते ते एका रात्रीत बाधित झाले, आणि दूर असणाऱ्यांना ते पडताळून पाहण्याचा अवसरही पुरता मिळाला नाही.

श्रद्धा आणि पत यांचा संबंध सांगणारी कथा यात्रेकरूंच्या पैशाचीच आहे. जुनागढच्या नरसी मेहतांकडे द्वारकेला निघालेले यात्रेकरू हुंडी मागण्यास आले. गावातल्या टवाळांनी थट्टेने त्यांना तिकडे धाडले होते. मेहतांनी सातशे रुपये घेतले, शामळशा शेठ या नावावर, म्हणजे श्रीकृष्णावर, हुंडी लिहून दिली आणि ती रक्कम साधुसंतांच्या सेवेत खर्च केली. द्वारकेत अशा नावाचा शेठ कोणालाच ठाऊक नव्हता. अखेर देवच सावकाराच्या वेषात येऊन पैसे मोजून गेला. महिपतींच्या भक्तविजयात नरसी मेहतांचे चरित्र आलेले असल्यामुळे मराठी कीर्तनालाही ते परके नाही. कीर्तनकार मेहतांच्या निष्ठेचा गौरव करतात आणि तो योग्यच आहे, परंतु द्वारकेच्या रस्त्यांवर पेढ्या धुंडाळत फिरणाऱ्या त्या यात्रेकरूंकडे तत्त्वचिंतकाने अधिक वेळ पाहिले पाहिजे. मेहतांच्या दृष्टीने हुंडी लिहिली त्याच क्षणी खरी होती. तिचे प्रामाण्य स्वतः होते. यात्रेकरूंसाठी ती पैसे हाती पडल्यावरच खरी झाली. श्रद्धा एकाची होती आणि जोखीम दुसऱ्याची, आणि जोखीम ज्याची, त्याच्या संमतीचा प्रश्न कथेत कोणी विचारलेला नाही.

देहूच्या तुकोबांविषयी परंपरा जे सांगते, ते याच ठिकाणी निराळे पडते. घरच्या सावकारीची खतपत्रे इंद्रायणीत बुडवायची ठरवल्यावर त्यांनी आधी वाटणी केली, धाकटे बंधू कान्होबा यांचा अर्धा हिस्सा त्यांच्या स्वाधीन केला आणि केवळ आपल्या वाट्याची खते पाण्यात सोडली. ऋणकोंवरचा आपला हक्क सोडण्याइतकी त्यांची ईश्वरावरची श्रद्धा पूर्ण होती, पण भावाच्या पैशावर ती श्रद्धा त्यांनी लादली नाही. कान्होबांच्या वाट्याच्या खतांची वसुली कान्होबांच्या समजुतीप्रमाणे व्हायची राहिली. दुसऱ्याचा पैसा परमुलखात नेणारा, पाठवणारा किंवा बदलून देणारा जो कोणी असेल, मग तो जुन्या पेढीवरचा गुमास्ता असो, यात्रा काढणारा आयोजक असो की आजची बँक असो, त्याची स्वतःवरची किंवा देवावरची निष्ठा कितीही अढळ असली, तरी ज्याचा पैसा आहे त्याला परतःप्रामाण्याचा, म्हणजे दर, शुल्क आणि जोखीम आधी जाणून मगच होकार देण्याचा, अधिकार आहे.