विश्वासाची ठेव

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळच्या गाडीने वसई रोड स्थानकावर उतरलो आणि बाहेरच्या गाडीवाल्याकडून भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी घेतली. दाणे संपल्यावर पुडी टाकून देण्याआधी सवयीने ती उलगडली. आत टंकलिखित मजकूर होता, त्यावर निळ्या शाईने केलेल्या दुरुस्त्या होत्या. न्यायालयात दाखल करावयाच्या अर्जाच्या कच्च्या मसुद्याचे ते एक पान होते. एका पत्नीने पतीकडे पोटगी मागितली होती. कोणत्या रात्री काय घडले, शेजारी कोण धावून आले, पुढे तिने कोणते औषधोपचार घेतले आणि ते सासरच्यांपासून का लपविले, हे सारे त्यात तपशीलवार लिहिले होते. वरच्या ओळीत नाव होते. त्या नावाची बाई माझ्या परिचयाची निघाली. शेजारच्या धर्मग्रामातील. सणावारी भेटली की हसून विचारपूस करणारी.

तो कागद मी घरी आणला आणि चुलीत घातला. पत्नीलाही काही सांगितले नाही. परंतु वाचलेली अक्षरे कागदाबरोबर जळत नाहीत. आजही ती बाई समोर आली की मला अपराध्यासारखे वाटते. जणू तिच्या घराच्या उघड्या खिडकीतून मी आत डोकावलो आणि तिला त्याचा पत्ताच नाही.

तो मसुदा तयार करणारे वकील कोण, हे मला ठाऊक नाही. कदाचित ते कष्टाळू गृहस्थ असतील. कदाचित त्यांनी तिला पोटगी मिळवूनही दिली असेल. मसुदा जुना झाला, नवा टंकलिखित झाला, जुने पान कुणीतरी रद्दीच्या गठ्ठ्यात टाकले, एवढेच घडले. मी कुणाला बोललो नाही, त्यामुळे तिचे व्यवहारात काही नुकसानही झाले नाही. मग अन्याय झाला तो कोठे? हा प्रश्न मला तेव्हापासून छळत आला आहे. त्याचे जे उत्तर मला सापडले ते असे की, माणसाचे गुपित फुटले की त्यातून पुढे हानी होते म्हणूनच केवळ ते वाईट नसते. आपल्याविषयी कोणी काय जाणावे हे ठरविण्याचा अधिकार त्या माणसाचा असतो आणि तो त्याच्या नकळत हिरावला जातो, हीच मुळात हानी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क हा जीविताच्या व स्वातंत्र्याच्या हक्काचाच अविभाज्य भाग आहे, असा एकमुखाने निर्वाळा दिला. शेंगदाण्याच्या पुडीवर जे विस्कटले होते ते हेच होते.

वकिलाच्या कचेरीत आपण काय घेऊन जातो, याचा विचार करून पाहा. जमिनीचा सातबारा, खरेदीखत, वाटणीपत्र, बाप्तिस्म्याचा आणि विवाहाचा दाखला, बँकेची पुस्तके, डॉक्टरांचे अहवाल, आधार आणि पॅन. कागद तर आलेच; पण त्यांच्याबरोबर आपण भावाविषयीची चीड, मुलाविषयीची लाज, म्हातारपणीचे भय हेही त्या टेबलावर ठेवतो. घरातल्या माणसालाही जे सांगितलेले नसते ते एका परक्या माणसाला सांगतो, कारण त्याखेरीज तो आपली बाजू मांडू शकणार नाही. आपल्या जुन्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : ठेव. शेजाऱ्याकडे ठेवलेले दागिने शेजाऱ्याचे होत नाहीत. ते त्याने वापरायचे नसतात, मिरवायचे नसतात, गहाण टाकायचे नसतात. मागितले की जसेच्या तसे परत द्यायचे असतात. अशिलाची माहिती ही अशीच ठेव आहे. ती वकिलाच्या कपाटात असते, पण मालकीने अशिलाचीच राहते.

आपल्या देशाच्या कायद्याने हे तत्त्व फार पूर्वी ओळखले. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या १२६ व्या कलमाने अशिलाच्या स्पष्ट संमतीवाचून त्याने सांगितलेली गोष्ट, दाखविलेल्या कागदातील मजकूर किंवा त्याला दिलेला सल्ला उघड करण्यास वकिलाला मनाई केली. काम संपले, फी चुकती झाली, संबंध तुटला, तरी ही मनाई संपत नाही. पुढच्याच कलमाने तीच जबाबदारी दुभाष्यांवर आणि वकिलाच्या कारकून व नोकरांवरही टाकली. १ जुलै २०२४ पासून त्या जुन्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. त्याच्या १३२ व्या कलमात हे सारे कायम आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावले की, अशिलाविषयी माहिती काढून घेण्यासाठी तपास यंत्रणांनी त्याच्या वकिलाला ऊठसूट समन्स पाठवू नये. कायद्याने सांगितलेल्या अपवादांतच आणि वरिष्ठ अधिकाऱ्याच्या लेखी मान्यतेनेच ते पाठविता येईल.

कारकुनाचा उल्लेख कायद्याने दीडशे वर्षांपूर्वी केला, यात मोठे शहाणपण आहे. कारण गुपित बहुधा मोठ्या खुर्चीतून फुटत नाही. ते फुटते दाराशी बसलेल्या शिपायाच्या गप्पांतून, झेरॉक्सच्या दुकानात राहून गेलेल्या जादा प्रतीतून, लोकलच्या डब्यात मोठ्याने केलेल्या फोनमधून. म्हणून जी कचेरी खरोखर सावध असते, तिची सावधगिरी लहानसहान गोष्टींत दिसते. अशिलाशी बोलणे बाहेरच्या बाकावर, इतरांच्या देखत होत नाही. फाइलच्या पाठीवर नावाऐवजी क्रमांक असतो. मूळ दस्तऐवज घेताना पोच दिली जाते आणि काम संपल्यावर ते परत केले जातात. रद्दीचे आधी तुकडे होतात. ज्याच्याकडे काम आहे त्याच्याच हाती फाइल जाते. नवे प्रकरण घेण्याआधी जुने रजिस्टर पाहिले जाते. कारण ज्याने एका भावाला त्या वादात सल्ला दिला, त्याने त्याच वादात दुसऱ्या भावाचे वकीलपत्र घेऊ नये, असा बार कौन्सिलचा नियम आहे. या नियमामागे तेच तत्त्व आहे : ठेव ठेवणाऱ्याच्याच विरुद्ध ठेव वापरायची नाही.

येथे कोणी विचारील, आणि रास्त विचारील, की या गुप्ततेचा लाभ शेवटी होतो कोणाला? गुन्हेगारांनाच ना? निष्पापाला लपविण्यासारखे काय असते?

या प्रश्नाचे उत्तर मला आपल्या गावांतच मिळाले. आपली गावे लहान. वकील आपल्याच वाडीतला, त्याचा कारकून आपल्या मावसभावाचा मेहुणा, आणि रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात सारेच एकत्र. अशा ठिकाणी एखादी मारहाण सोसणारी स्त्री वकिलाकडे जायला वर्षानुवर्षे धजत नाही. तिला न्यायाधीशाची भीती वाटत नाही. आपली गोष्ट आवारात पोहोचेल याची वाटते. श्रीमंताला दूरच्या शहरातला वकील परवडतो. गरिबाला जवळचाच गाठावा लागतो. तेव्हा गुप्तता ही गुन्हेगाराची ढाल असते हे अर्धसत्य झाले. दुर्बळाला न्यायालयाची पायरी चढण्याचे बळ देणारी तीच असते. जेथे तोंडे सैल असतात, तेथे कायदा पुस्तकात कितीही चांगला असला तरी दुर्बळापर्यंत पोहोचत नाही.

गुप्ततेला मर्यादाही आहे. ती १८७२ च्या कायद्यानेच दोन साध्या उदाहरणांनी दाखविली होती. अशील म्हणाला, मी बनावट दस्तऐवज केला आहे, माझा बचाव करा. तर हे बोलणे सुरक्षित. तोच म्हणाला, या बनावट खरेदीखताच्या आधारे मला जमीन मिळवायची आहे, दावा लावा; तर हे बोलणे सुरक्षित नाही. घडून गेलेल्या गुन्ह्याची कबुली ही ठेव होऊ शकते. घडवायच्या गुन्ह्याचा कट ही ठेव होऊ शकत नाही.

परंतु जीवन या दोन उदाहरणांत मावत नाही. गुन्हा जुना, कबुलीही जुनी, पण तिसऱ्याच माणसावरचा अन्याय मात्र रोज नव्याने चालू, असे झाले तर? अमेरिकेतील शिकागो शहरात नेमके हेच घडले. १९८२ च्या जानेवारीत तेथील एका उपाहारगृहात सुरक्षारक्षकाचा खून झाला आणि त्यासाठी अ‍ॅल्टन लोगन नावाच्या माणसाला जन्मठेप झाली. वस्तुतः गोळी झाडली होती अँड्र्यू विल्सन याने. दोन पोलिसांच्या खुनाच्या वेगळ्या खटल्यात त्याचा बचाव करणारे सरकारी वकील डेल कॉव्हेंट्री आणि जेमी कुंझ यांना त्याने तसे सांगितले. दोघांपुढे भयंकर पेच पडला. बोलावे तर आपल्याच अशिलाचा घात होतो, न बोलावे तर निरपराध माणूस तुरुंगात कुजतो. त्यांनी ती हकीकत प्रतिज्ञापत्रात लिहिली, पाकीट मोहोरबंद केले आणि पत्र्याच्या पेटीत ठेवले. आपल्या मृत्यूनंतर हे उघड करण्याची संमतीही विल्सनकडून मिळविली. लोगनला देहदंड झालाच तर मात्र गप्प बसायचे नाही, असे त्यांच्या मनात होते. विल्सन २००७ मध्ये तुरुंगात वारला. पेटी उघडली. २००८ मध्ये लोगन सुटला. तोवर २६ वर्षे गेली होती.

या वकिलांनी योग्य केले काय? मी या प्रश्नापाशी पुष्कळ थांबलो आहे. त्यांच्या राज्याच्या नियमांनी त्यांना दुसरी वाट ठेवली नव्हती. प्रत्येक वकील आपापल्या सद्सद्विवेकाप्रमाणे अशिलाचे गुपित फोडू लागला, तर कोणताच अशील खरे सांगणार नाही, हा युक्तिवादही मला पटतो. पण तुरुंगातील त्या माणसासमोर उभे राहून तो युक्तिवाद उच्चारण्याचे धैर्य मला होणार नाही. मला वाटते, चूक त्या दोघांपेक्षा नियमाची अधिक होती. निरपराध माणूस दुसऱ्याच्या गुन्ह्यासाठी शिक्षा भोगत असेल तर त्याच्यापुरता एक अरुंद दरवाजा नियमातच असावयास हवा होता. त्याच देशातील मॅसॅच्युसेट्स राज्याने तसा दरवाजा आपल्या नियमांत ठेवला होता. असा दरवाजा सर्वांनी मिळून, आधीच, कायद्यात ठेवायचा असतो. एकट्याने रातोरात भिंत फोडायची नसते. आणि तो नसेल तेव्हा निदान एवढे तरी करायचे, जे त्या दोघांनी केले : ज्याची ठेव त्याच्याकडे जाऊन संमती मागायची आणि आपल्या मौनाचे ओझे आपण स्वतः वाहायचे.

वाचकांना येथे प्रायश्चित्त संस्काराची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. धर्मगुरूच्या मौनाला चर्चच्या कायद्यात कोणताच अपवाद नाही. ती मोहोर अभंग आहे. वकिलाचे मौन त्या जातीचे नाही. ते माणसांनी माणसांच्या न्यायासाठी घातलेले बंधन आहे, म्हणून त्याला अपवाद आहेत आणि त्यात सुधारणेलाही जागा आहे. दोन्हींच्या मुळाशी मात्र मनुष्यस्वभावाची एकच ओळख आहे. जेथे सांगितलेले राहते, तेथेच माणूस खरे सांगतो.

आज मसुदे टंकलिखित होत नाहीत आणि पुड्यांचे कागदही कमी झाले. पण धोका कमी झालेला नाही. आधारची प्रत व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, मृत्युपत्राचा मसुदा कारकुनाच्या मोबाइलमध्ये महिनोन्महिने पडून राहतो, आणि जुना संगणक दुरुस्तीला जातो तेव्हा त्याच्या पोटात शेकडो कुटुंबे असतात. २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. दुसऱ्याची माहिती हाताळणाऱ्याला त्या कायद्याने जे नाव दिले आहे त्याचा अर्थच विश्वस्त असा होतो. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी माहिती वापरावी लागते तेव्हा त्यातील बऱ्याच बंधनांतून सूट आहे. परंतु माहिती सुरक्षित ठेवण्याच्या बंधनातून सूट नाही. त्यात कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दंडाच्या भयाने कुलपे बसतील, आणि ती बसायलाच हवीत. पण ओठांना कुलूप लावणारा कायदा अजून निघालेला नाही. तेथे आपलाही संबंध येतो, कारण प्रत्येक फुटलेल्या गुपिताला एक फोडणारा असतो तसे ऐकणारेही असतात. कुणाची केस कुणाकडे आहे, कशाची आहे, हे वकिलाच्या कारकुनाला आपणच खोदून विचारतो. तो सांगत नाही म्हणून त्याला गर्विष्ठही ठरवतो. वस्तुतः तो त्या क्षणी आपलीही ठेव राखीत असतो. उद्या आपला कागदही त्याच कपाटात असणार आहे.

ती बाई अजून भेटते. मुलगा नोकरीला लागल्याचे तिने मागच्या सणाला सांगितले. मी आनंद व्यक्त केला आणि जे तिने मला सांगितलेले नाही ते मला ठाऊक नाही असाच वागलो. तिने माझ्याकडे काही ठेवलेले नाही, हे खरे. तरीही जे चुकून हाती आले, ते राखणे मला भाग आहे.